मोटारीचें नवें तोंड

मनुष्याचें वय लपविण्याची कला जुनी आहे. वस्तूचें वय वाढविण्याची कला त्या मानानें नवी. पिकलेल्या केसांना कलप लावून मनुष्य आपण म्हातारे झालों नाहीं असें सांगूं पाहतो. मोटारींचा कारखानदार मात्र आपल्याच दोन-तीन वर्षांपूर्वींच्या गाडीस नवें तोंड देतो, आणि कालपर्यंत जी नवी होती ती आज जुनी झाली असें जाहीर करतो. मालकानें रात्रीं दारांत नवी गाडी उभी करावी आणि सकाळीं वर्तमानपत्र उघडावें, तों ती मागच्या वर्षाची झालेली असते. तिचें एक चाकही हललेलें नसतें.

हा विचार आमच्या मनांत येण्यास चंद्रपूरचे आमचे एक डॉक्टर स्नेही कारण झाले. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा जंगलांतील मार्ग आक्रमून ते आठवड्यांतून एक दिवस अहेरीस रोगी तपासावयास जात व रात्रीं परतत. २०२१ सालीं त्यांनीं डिझेलवर चालणारी होंडा सिटी घेतली. त्या गाडीची ही पांचवी पिढी २०२० च्या जुलैंत बाजारांत आली होती. पुढें २०२३ च्या मार्चांत तिला नवें तोंड मिळालें, आणि जुनी देऊन नवी घ्यावी असें वहिनींच्या मनानें घेतलें. डॉक्टरांचा कल जुनीकडे. शेवटीं उभयतांनीं आम्हांस पंच नेमलें. पंचाला पैसे द्यावयाचे नसतात, त्यामुळें त्याचें मत निर्मळ असतें, असा एक समज आहे. त्याचा मान राखून आम्ही कामास लागलों.

दोन्ही गाड्यांचीं मापें आम्हीं शेजारीं-शेजारीं मांडलीं. जुनीच्या नाकावर क्रोमची जाड पट्टी होती, ती नवीच्या नाकावर बारीक झाली. पुढचे-मागचे बंपर बदलले. लांबी ४५४९ मिलिमीटर होती ती ४५८३ झाली, म्हणजे दोन बोटें वाढली. रुंदी १७४८, उंची १४८९ आणि पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २६००, हीं मापें जशींच्या तशीं राहिलीं. पेट्रोलचें १४९८ घनसेंटिमीटरांचें, १२१ अश्वशक्तीचें एंजिनही तेंच. वरच्या दर्जाच्या गाडींत पाऊस ओळखून आपोआप फिरणारे वायपर आले, हा एक नवा लाड.

चंद्रपूरच्या गोंडकालीन तटाला जटपुरा दरवाजा आहे. संध्याकाळीं त्याच्या गर्दींतून गाडी काढणाऱ्यास नाकावरील पट्टी जाड कीं बारीक याचें सोयरसुतक नसतें; रुंदी किती, एवढेंच त्याला कळतें. आष्टीपुढच्या रस्त्याचेंही तसेंच. लोहखनिजाच्या अवजड ट्रकांनीं पाडलेला खड्डा गाडीचें तोंड पाहत नाहीं, पोट पाहतो. आणि जमिनीपासून पोटाची उंची दोघींचीही १६५ मिलिमीटरच. आलापल्लीच्या मुलुखांतील सुताराला नुसतें पॉलिश दाखवून कोणी फसवूं शकत नाहीं. तो फळी उलटी करून पाहतो, साग आहे कीं आडजात.

ही तोंड बदलण्याची युक्ति आजची नव्हे. हेन्री फोर्डनें १९०८ पासून १९२७ पर्यंत एकच 'मॉडेल टी' जगाला विकलें. त्याला शह दिला तो जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननें, दरवर्षीं गाडीचें रूप थोडें थोडें बदलून. आपल्याकडे मात्र बराच काळ गाडी तीच राही आणि नांवें बदलत. ॲम्बॅसडर १९५८ च्या सुमारास निघाली ती २०१४ पर्यंत निघत राहिली. मधून मधून पुढची जाळी बदलून तिला 'मार्क टू', 'मार्क थ्री' अशा पदव्या देण्यांत आल्या. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट तयार होई. तिच्यांतल्या जुन्या, गोलसर पाठीच्या गाडीस लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढें १९७४ च्या सुमारास 'प्रेसिडेंट'ची 'पद्मिनी' झाली, तेव्हां तर तोंडही फारसें बदललें नाहीं. बारसें मात्र नवें झालें. चांद्याचें चंद्रपूर झालें तरी तट आणि दरवाजे तेच राहिले, तशांतलाच हा प्रकार.

येथवर आमचा निकाल डॉक्टरांच्या बाजूनें झुकत होता. परंतु मापें पाहतां पाहतां तोंडाआडच्या दोन गोष्टी ध्यानांत आल्या. त्यांपैकीं एक काढून घेतलेली होती, दुसरी नव्यानें घातलेली.

काढून घेतलेलें होतें तें डिझेलचें एंजिन. गाडींतून निघणाऱ्या धुराचें मोजमाप प्रयोगशाळेप्रमाणेंच प्रत्यक्ष रस्त्यावरही करावयाचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, आणि तो पाळण्याचा खर्च डिझेलला परवडेना म्हणून अनेक डिझेल गाड्या त्या सुमारास बंद झाल्या. औष्णिक विद्युत् केंद्र आणि कोळशाच्या खाणी यांच्या शेजारीं राहणाऱ्या चंद्रपूरकरानें अशा नियमाविरुद्ध कुरकुर करणें शोभत नाहीं. तरी हिशेब तो हिशेबच. टाकी दोघींचीही ४० लिटरांची. कारखान्याच्या आंकड्यांप्रमाणें डिझेलची गाडी लिटरमागें २४.१ किलोमीटर जाई, पेट्रोलची १७.८ जाते, म्हणजे एका टाकींत ९६४ च्या ऐवजीं ७१२. सिरोंचा किंवा भामरागडकडे जाणाऱ्यास हा अडीचशें किलोमीटरांचा फरक नाकावरील पट्टीपेक्षां पुष्कळ मोठा आहे. पण जाहिरातींत काय मिळालें हें असतें, काय गेलें हें नसतें.

नव्यानें घातलेली गोष्ट म्हणजे डोळा. समोरच्या कांचेमागें बसविलेला हा कॅमेरा पुढील वाहन आणि पादचारी ओळखतो. टक्कर होईलसें दिसल्यास इशारा देतो, आणि चालक स्वस्थच राहिला तर स्वतः ब्रेक लावतो. रंगविलेल्या पट्ट्यांवरून गाडी भरकटते आहे असें दिसल्यास तो स्टिअरिंगला हलका हात लावतो. समोरून दिवे आले कीं आपला झोत खालीं करतो. २०२२ सालीं पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणाऱ्या सिटींत तो प्रथम आला, आणि नव्या तोंडाबरोबर साध्या पेट्रोलच्या गाडींतही आला. फक्त सर्वांत खालचा प्रकार त्यावांचून राहिला.

या डोळ्याला आमचें जंगल कितपत कळावें? त्याचें शिक्षण वाहनांचें, माणसांचें आणि पट्ट्यांचें. चितळ, रानडुक्कर, नीलगाय यांच्या बाबतींत त्याच्यावर विसंबून राहतां येत नाहीं. आणि जेथें तांबड्या धुळीखालीं पट्टाच दिसत नाहीं, तेथें तो वाट तरी कशावरून ओळखणार? मागें एका हिवाळ्यांत गडचिरोलीहून मूलमार्गें चंद्रपुरास येत असतां आमच्या गाडीसमोरून एक चितळ उडी मारून पलीकडे गेलें. रस्ता मोकळा झाला असें आम्हांस वाटलें. गोंडपिपरीकडील आमचा चालक गाडी थांबवून, दिवे मंद करून स्वस्थ बसला. "एक गेलं म्हणजे सरलं नाही, साहेब. मागून अजून येतेत," तो म्हणाला. खरोखरच थोड्या वेळानें झुडपांतून सहा-सात चितळें एकामागून एक रस्ता ओलांडून गेलीं. समोर काय आहे तें दिसणें निराळें, आणि अजून जें समोर आलें नाहीं तें ठाऊक असणें निराळें. दुसरें ज्ञान त्या मुलुखांत वाढलेल्या मनुष्याचें आहे.

हें सर्व आम्हीं वहिनींपुढें मांडलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग म्हणाल्या, "चितळ ह्यांना दिसतें हो. दिवसभर रोगी तपासून रात्रीं अकराला परततांना स्वतःची डुलकी दिसत नाहीं, तिचें काय?"

या प्रश्नावर आमच्याजवळचे सगळे मिलिमीटर संपले. नव्या गाडीचा मोह म्हणून जो आम्ही समजत होतों तो मोह नव्हताच. रात्रीं दाराशीं गाडीचा आवाज येईपर्यंत जागत बसणाऱ्या बाईची ती काळजी होती. त्या काळजीला क्रोमच्या पट्टीनें उत्तर मिळत नाहीं हें खरें. पण गाडी भरकटूं लागतांच चालकाला जागें करणारा डोळा हें अर्धें उत्तर तरी आहे. उरलेलें अर्धें कोणत्याच गाडींत नाहीं, कारण पट्टे नसलेल्या रस्त्यावर झोपेला थांबविणारें यंत्र त्या डोळ्यांत नाहीं.

म्हणून आम्हीं निकाल दिला तो असा: जुनी गाडी चालते तोंवर ठेवावी, पुढें केव्हां नवी घ्यावयाची झाल्यास तोंड न पाहतां डोळा पाहून घ्यावी, आणि अहेरीहून रात्रीं निघणें मात्र आजपासून बंद करावें. पहिलीं दोन कलमें डॉक्टरांनीं आनंदानें मान्य केलीं. तिसऱ्यावर ते बराच वेळ बोलले, दुसऱ्या दिवशींच्या सकाळच्या रोग्यांचें काय म्हणून. वहिनींनीं त्या रोग्यांची वेळ दुपारची करून टाकली.

तेव्हांपासून डॉक्टर अहेरीस मुक्काम करतात आणि चांगलें उजाडल्यावर निघतात. गाडी तीच आहे. मागच्या वर्षाची होऊनही तिला आतां बरींच वर्षें झालीं.