रिलोकेट व्हायला तयार आहात का?

परवा प्लेसमेंट सेलचा फॉर्म भरत होतो. नाव, ब्रँच, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, केटी आहे का (असल्यास किती!)... हे सगळं नेहमीचंच. पण शेवटून दुसऱ्या ओळीत एक प्रश्न होता, 'रिलोकेट व्हायला तयार आहात का? हो / नाही'. मी पेन टेकवायच्या आत शेजारच्या कॉटवरून रूममेट ओरडला, "हो कर रे डोळे झाकून! नाही म्हणालास तर पहिल्याच राउंडला उडवतात." आमच्या विंगमधल्या सगळ्यांनी 'हो'च केलं होतं. एका महाभागाने तर 'हो'भोवती दोनदा गोल काढला होता.

मीही तेच करणार होतो. पण रात्री घरी फोन केला तेव्हा बोलता बोलता आईला ही गंमत सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "मला असा फॉर्म कुणी दिलाच नव्हता."

फोन ठेवला, पण वाक्य काही डोक्यातून जाईना. संपादक मंडळातला मित्र महिनाभर 'लेख दे, लेख दे' म्हणून मागे लागलाच होता. त्याला आयता विषय मिळाला.

साल २०१२. मी दुसरीत जाणार होतो आणि बहीण नऊ महिन्यांची होती. आम्ही मूळचे जळगावकडचे, पण राहायचो डोंबिवलीला, दोन खोल्यांत. पप्पा तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. कंपनीचे पगार लांबायला लागले होते. सात तारखेचा पगार वीसला, मग पुढच्या महिन्यात. अशात त्यांना लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटमध्ये नोकरी मिळाली. पगार वेळेवर, वर कंपनीची बस. लोटे म्हणजे मुंबई-गोवा हायवेवर, खेड तालुक्यात. उत्तरेला खेड आणि दक्षिणेला परशुराम घाट उतरला की चिपळूण. पप्पांनी 'हो' सांगून टाकलं आणि मग घरी येऊन पेढे दिले. क्रम लक्षात घ्या!

आईसुद्धा नोकरी करत होती. ठाण्याला एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. पण तिच्या नोकरीपेक्षा मला आठवतो तो तिचा ट्रेनचा ग्रुप. सव्वाआठच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यातल्या सात-आठ जणी. डब्यात भाज्या निवडल्या जायच्या, साड्या विकल्या जायच्या, संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं, कुणाच्या सासूची कागाळीही तिथेच. माझ्या बारशालाही त्या सगळ्या आल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी आईला स्टीलचा डबा भेट दिला. त्यावर आईचं नाव आणि खाली '८.१५ ग्रुप' असं कोरलेलं आहे. तो डबा अजून आमच्या घरी आहे. त्यात आई डाळ-तांदूळ ठेवत नाही, बिलं ठेवते.

पप्पांचं म्हणणं, लोटेतच राहू, कंपनी दहा मिनिटांवर, ये-जा करण्यात वेळ जायला नको. त्यांनी एका रविवारी जाऊन खोली बघूनही ठेवली होती. मग सगळे मिळून गेलो तेव्हा नेमका कामाचा वार होता. आई खोलीत गेलीच नाही. बाहेर उभी राहून घरमालकाला विचारलं, "इथून शाळा किती लांब? रात्री-अपरात्री पोर तापलं तर डॉक्टर कुठे? आणि हा वास रोजच येतो का?" घरमालक म्हणाले, "वारा फिरला की जातो हो." आई म्हणाली, "आणि परत फिरला की?"

झालं! त्याच दिवशी एसटीने घाट उतरून चिपळूणला आलो. चिंचनाक्याच्या बाजूला तळमजल्यावरचं एक घर स्वस्तात मिळत होतं, नुकताच रंग काढलेलं. पप्पा खूश. पण आई भिंतीकडे बघत राहिली. तिच्या डोक्याच्याही वर एका उंचीपर्यंत रंग फुगल्यासारखा दिसत होता, त्याच्या वर साफ. विचारलं तर घरमालक जरा अडखळून म्हणाले, "ते २००५ चं पाणी. तसं दरवर्षी काही येत नाही." २६ जुलै २००५ आईला चांगलीच माहीत होती. डोंबिवलीला आमच्या चाळीत तेव्हा गुडघाभर पाणी होतं आणि मी तीन महिन्यांचा होतो. शेवटी त्याच आळीत दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं, महिना पाचशे रुपये जास्त देऊन. ते पाचशे रुपये पप्पांनी पुढे बरीच वर्षं ऐकवले.

जूनमध्ये टेम्पो भरून सामान आलं आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला. जळगावला वर्षभरात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चिपळूणला ३००० च्या वर. हे आकडे मला आता माहीत आहेत. तेव्हा एवढंच कळायचं की कपडे वाळत नाहीत. स्वयंपाकघरात, खिडकीत, दारामागे, जिथे बघावं तिथे दोऱ्या. माझ्या शाळेच्या पट्ट्याला आणि पप्पांच्या बुटांना बुरशी यायची. बहिणीची दुपटी आई इस्त्री करून वाळवायची, पण लाईट गेली की तेही बंद. गॅस नव्या एजन्सीकडे नोंदवायचा राहिलेला, त्यामुळे स्वयंपाक स्टोव्हवर. माझा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पहिले दहा दिवस मी घरीच. आणि भरिताची हिरवी वांगी कुठेच मिळत नाहीत हा शोध! आमच्याकडच्या माणसाला यापेक्षा मोठं दुःख नाही.

पप्पांचं मात्र गाव पहिल्याच दिवसापासून तयार होतं. सकाळी बस नाक्यावर यायची, बसमध्ये गप्पा मारायला माणसं, कँटीनमध्ये जेवण, प्लांटमध्ये पंप नि व्हॉल्व्ह तेच जे डोंबिवलीत होते. महिनाभरात त्यांना सगळे ओळखायला लागले. संध्याकाळी घरी येऊन ते उत्साहाने सांगायचे, आज अमुक पाटील भेटले, तमुक सावंतांनी फणस दिला. आई ऐकून घ्यायची. दिवसभरात ती फक्त नऊ महिन्यांच्या मुलीशी बोललेली असायची.

ऑगस्टमध्ये घाटात दरड आली. पप्पांची सेकंड शिफ्ट होती. अकराला सुटणारी शिफ्ट, पप्पा घरी आले पहाटे साडेचारला. घरात फोनला रेंज नव्हती, बहिणीला ताप होता, लाईट नव्हती. पप्पा आत आले तेव्हा आई कपडे बॅगेत भरत होती. मी झोपल्याचं सोंग घेऊन पडलो होतो. आई एवढंच म्हणाली, "तुम्ही इथे कामाला आलात. मी इथे कशाला आले ते सांगा." पप्पांनी काहीच उत्तर दिलं नाही. मला आधी वाटायचं, ते रागावून गप्प बसले. आता वाटतं, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

आई गेली नाही. सकाळी जायला एसटीच नव्हती, हे एक कारण! दुसरं कारण म्हणजे खालच्या मजल्यावरच्या भाभी. रात्रभर पोरीचं रडणं ऐकून त्या सकाळी वर आल्या. दोऱ्यांवरची ओली दुपटी बघितली आणि काही न बोलता खाली जाऊन शेगडी आणि वेताची मोठी टोपली घेऊन आल्या. निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली उपडी घातली, तिच्यावर दुपटी पसरली. अर्ध्या तासात कोरडी आणि ऊबदार! आम्ही मेकॅनिकलवाले ड्रायरचा हीट बॅलन्स काढून मरतो, आणि तो ड्रायर मी सातव्या वर्षीच बघितला होता. "दोन महिने झाले नि तुम्ही एकदाही खाली आला नाहीत," भाभी म्हणाल्या. आई म्हणाली, "तुम्ही तरी कुठे वर आलात?" मग दोघी हसल्या.

इथून पुढे सगळं छान झालं असं लिहिलं तर लेख लवकर संपेल, पण तसं झालं नाही. तीन वर्षं लागली. भाभींच्या मालकांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांची व्हॅटची रिटर्न भरायला आई बसली, तेही पैसे न घेता. मग शेजारच्या दुकानाची, मग एका कॉम्प्युटर क्लासमध्ये संध्याकाळी टॅली शिकवणं, बहीण तेव्हा भाभींकडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि निम्मी बाजारपेठ आमचा जिना चढायला लागली. पप्पांना आता लोक 'मॅडमचे मिस्टर' म्हणून ओळखतात. ते वरवर चिडतात.

मेमध्ये मी आईबरोबर वाशिष्ठीच्या पुलावर जायचो. कोयनेला वीज तयार करून सोडलेलं पाणी खाली वाशिष्ठीला मिळतं, म्हणून भर उन्हाळ्यातही नदी वाहती असते. आईला त्याचं फार अप्रूप. आमच्याकडच्या नद्यांत मेमध्ये क्रिकेट खेळतात.

२२ जुलै २०२१. सहाच दिवसांपूर्वी माझा दहावीचा निकाल लागला होता, परीक्षा न देता पास झालेली आमची बॅच. पहाटे खालून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर आळीत पाणी. दुपारपर्यंत तळमजला दिसेनासा झाला आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून कमी व्हायला लागल्या. पप्पा नाईट शिफ्टला लोटेला, हायवे बंद, मोबाईल बंद. आमच्या दोन खोल्यांत भाभींचं कुटुंब धरून चौदा माणसं. आईने पिण्याच्या पाण्याचा हंडा ताब्यात घेतला आणि पेला मोजून पाणी द्यायला सुरुवात केली. मोठ्या माणसांनाही! सगळ्यांनी ऐकलं. पाणी आमच्या मजल्याखाली सात पायऱ्यांवर थांबलं. त्या पायऱ्या मी रात्रभर टॉर्च मारून मोजत होतो.

पप्पा दोन दिवसांनी चिखल तुडवत आले. पुढचे दोन महिने आई घरात कमी आणि बाजारात जास्त होती. दुकानांच्या वह्या, बिलं, स्टॉकबुकं, सगळ्याचा लगदा झाला होता, आणि विम्याचा क्लेम करायला कागद हवे होते. कित्येक दुकानांचा टॅलीचा बॅकअप आईच्या पेनड्राइव्हवर होता. ते पेनड्राइव्ह कुठे होते? त्या ८.१५ च्या डब्यात.

त्याच वर्षी दिवाळीत पप्पांना अंबरनाथच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. पगार बरा, आणि डोंबिवली जवळ. या वेळी त्यांनी पेढे आणले नाहीत. जेवताना विचारलं, "काय करायचं? परत जाऊ या का? तुला तिकडचं सगळं आवडायचं." मला वाटलं, आई लगेच हो म्हणेल. एवढा पूर बघितल्यावर कोण राहील? आईने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "तुम्हाला जायचं तर या मी. पण मला परत पहिल्यापासून ओळखी करायला तीन वर्षं लागतील, आणि आता मी चाळिशीची आहे. हे धरून हिशोब करा." पप्पांनी हिशोब केला आणि नको म्हणून कळवलं. त्यांना वाईट वाटलं असणार. पगारातला फरक थोडाथोडका नव्हता आणि माझी फी तर त्यांनाच भरायची होती. पण त्यावरून त्यांनी तिला आजवर एकदाही ऐकवलेलं नाही. पाचशे रुपयांचं अजून ऐकवतात.

तर, फॉर्म. काल पुन्हा आईला फोन केला आणि सरळ विचारलं, काय लिहू? मला वाटलं ती काहीतरी मोठं बोलेल. तिने विचारलं, "कंपनी कुठली आहे?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही. आधी फॉर्म, मग कंपन्या."

"आणि तू एकटाच जाणार ना सध्या?"

"म्हणजे काय! एकटाच."

"मग लिही हो. नंतरच्या वेळेला फॉर्म दोन घे." थोडं थांबून म्हणाली, "आणि खोली बघायला रविवारी जाऊ नकोस."

शुक्रवार शेवटची तारीख आहे. 'हो'वर खूण केली आहे, गोल एकदाच.