वीस हजार स्पेस

20 जुलै 2016 रोजी स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे जगभरच्या प्रोग्रामरांचा हक्काचा चव्हाटा, 34 मिनिटं बंद पडला. ना हल्ला झाला होता, ना चोरी. कुणाच्या तरी मजकुरात एकाच ओळीत सलग 20,000 स्पेस पडल्या होत्या आणि टोकाच्या स्पेस छाटणारं एक साधं रेग्युलर एक्स्प्रेशन (रेजेक्स), म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र, त्यांत अडकलं. पहिल्या स्पेसपासून निघायचं, शेवटी भलतंच अक्षर दिसलं की माघारी फिरायचं, मग दुसरीपासून पुन्हा तेच. एकूण तपासण्या सुमारे 20 कोटी!

नवा रायपुरात पार्सर लिहिणारा मराठी प्रोग्रामर हा प्रसंग नवशिक्यांना आवर्जून सांगतो. पार्सर म्हणजे बाहेरून आलेला मजकूर फोडून त्याचा अर्थ लावणारा कोड. छत्तीसगडचा शेतकरी आता धान विकण्यासाठी ‘टोकन तुंहर हाथ’ ॲपवरून टोकन काढतो. अशा ठिकाणी पार्सर अडकला तर एकही नोंद चोरीला जात नाही. फक्त भरलेला ट्रॅक्टर केंद्राबाहेर ताटकळतो.

घातक मजकूर दिसायला निरुपद्रवी असतो. ‘बिलियन लाफ्स’ ही एक्सएमएल फाइल जेमतेम एक किलोबाइटची. पहिल्या ओळीत ‘लोल’ची व्याख्या, दुसरीत तोच लोल दहा वेळा, तिसरीत दुसरी ओळ दहा वेळा. असं करत शेवटी 100 कोटी लोल होतात आणि सुमारे 3 जीबी मेमरी फस्त. व्याकरण मात्र चोख.

आपली लिपीही यात सापडली आहे. मे 2015 मध्ये एका मेसेजने आयफोन बंद पडून पुन्हा सुरू होत होते. त्यात अरबी अक्षरांबरोबर देवनागरीतलं ‘ॣ’ हे क्वचित लागणारं चिन्ह होतं. नोटिफिकेशनमध्ये मजकूर तोडून दाखवताना फोन गडबडायचा. फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगूतल्या ‘ज्ञा’ने ॲपं कोसळली. इंग्रजीवरच चाचणी उरकली, की असं होतं.

इलाज ठाऊक आहेत: फाइल केवढी, एकात एक कप्पे किती, वेळ किती, हे वाचायला घेण्याआधीच ठरवायचं. आरई2सारखं मागे न फिरणारं रेजेक्स इंजिन वापरायचं. वेडावाकडा मजकूर मुद्दाम भरवून फझिंग करायचं.

खरी कसोटी आकडा ठरवण्यात आहे. 2022 मध्ये पायथनने मजकुराचा पूर्णांक करताना 4,300 अंकांची मर्यादा घातली. भलामोठा आकडा पाठवून प्रोग्राम अडकवण्याची वाट बंद झाली, पण प्रचंड आकड्यांशी खेळणाऱ्या गणितींचा कोडही अडला. म्हणून हा प्रोग्रामर मर्यादा अंदाजाने ठोकत नाही. प्रत्यक्ष आलेल्या फाइलींतली सर्वांत मोठी शोधतो, तिच्यावर थोडी सूट ठेवतो आणि नकाराचा संदेश माणसाला कळेल असा लिहितो.

तुमच्या कार्यालयात बाहेरच्या फाइली घेणारी प्रणाली असेल, तर पुढच्या हंगामाआधी तिच्या कंत्राटदाराला एवढंच विचारा: सर्वांत मोठी फाइल केवढी चालते, आणि तो आकडा कुठून आला?