आपली तस्वीर

चित्रकलेचा तास आमच्याकडे आला तो नाइलाजाने. बी.एड.ला आमचे विषय उर्दू आणि इतिहास. कलाशिक्षक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि मालेगावच्या आमच्या उर्दू शाळेत नववीचे आठवड्याचे दोन तास आमच्या माथी आले. मुले एलिमेंटरी परीक्षेसाठी घागर, केळी, लिंबू असे स्थिरचित्र गिरवत होती. एकदा आम्ही सहज म्हणालो, "आज स्वतःलाच काढा." वर्गात हशा पिकला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, तस्वीर बनाना तो मना है ना?"

आमच्या वर्गात हा प्रश्न टाळता येत नाही. त्यावर उलेमांची मते एकसारखी नाहीत आणि फतवा देण्याचा आम्हाला अधिकार नाही. ज्याच्या मनाला पटत नसेल त्याने चेहरा काढू नये, त्याच्यासाठी दुसरी वाट शोधू, एवढे आम्ही सांगितले. मग आमच्यातली इतिहासाची शिक्षिका जागी झाली. निजामीच्या 'खम्सा'ची एक प्रत अकबर बादशहासाठी १५९५-९६ मध्ये अब्दुर्रहीम या खुशनवीसाने लिहिली. पुढे जहांगीरच्या हुकमावरून दौलत नावाच्या चित्रकाराने तिच्या शेवटच्या पानावर अब्दुर्रहीमला आणि त्याच्यासमोर बसलेल्या स्वतःला रंगवले. एकाच्या हाती कलम, दुसरा त्याचे चित्र काढतो आहे. ती प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. बादशहांच्या तस्विरी काढणाऱ्याला एकदा तरी स्वतःकडे पाहावेसे वाटले, ही गोष्ट मुलांना फार आवडली.

संगणक कक्षात सहा संगणक चालू होते. रीत सोपी होती. फोटो संगणकावर घ्यायचा, तो अगदी फिका करायचा, त्यावर कोरा लेयर ठेवून माऊसने रेषा ओढायची, रंग भरायचे. शेवटी खालचा फोटो पुसून टाकायचा. उरते ती फक्त आपली रेषा. माऊसने रेषा थरथरते, पण तीही आपलीच.

पहिली चित्रे पाहून आम्ही गप्प झालो. चाळीस मुलांच्या वर्गात एकही सावळे मूल नव्हते. सगळे गोरे, गुलाबी. एकीने तर आपल्या जुळलेल्या भुवया मधोमध पुसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रिदा काहलोची चित्रे दाखवली. मेक्सिकोची ही बाई १९२५ मध्ये, अठराव्या वर्षी, बसच्या अपघातात मोडून पडली. अंथरुणाला खिळली तेव्हा आईने पलंगाच्या छताला आरसा लावून दिला. तिच्या चित्रांपैकी सुमारे एक तृतीयांश तिची स्वतःचीच आहेत आणि त्यांत जुळलेल्या भुवया, ओठांवरची लव सगळे जसेच्या तसे आहे. व्हॅन गॉगकडे मॉडेलला द्यायला पैसे नसत, म्हणून तो आरशासमोर बसे. १८८९ मध्ये त्याने कानाला पट्टी बांधलेल्या स्थितीतही स्वतःला रंगवले. आम्ही एवढेच विचारले, "यांनी काय लपवले?" त्या मुलीने काही न बोलता भुवया परत जोडल्या.

तेवढ्यात एका मुलीने येणे बंद केले. इतर तासांना हजर, या तासाला गैरहजर. चौकशी केली तर "अब्बा मना करते हैं." आम्ही मनातल्या मनात चिडलो. पुन्हा तेच, असे वाटले. तावातावाने तिच्या घरी गेलो. अब्बा रात्रपाळी करून यंत्रमागावरून नुकतेच परतले होते. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "टीचर, आप पर भरोसा है. मशीन पर नहीं."

जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच देशात मुस्लीम स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता एका ॲपवर 'लिलावा'ला लावले गेले होते. ते त्यांनी उर्दू पेपरात वाचले होते, विसरले नव्हते. आम्ही मात्र विसरलो होतो. त्यांचा नकार आम्ही दीनदारीच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो. तो एका बापाचा धास्तावलेला नकार होता. इतरांनी आपल्याला न विचारता आपली तस्वीर काढावी याचा आम्हाला राग येतो, आणि आम्ही त्यांची तशीच काढली होती.

त्या दिवसापासून नियम झाला. फोटो मुलांसमोर पुसायचा, आमच्या फोनमधूनही. चित्र कुठेही पाठवायचे नाही, फक्त कागदावर छापून वर्गात लावायचे. ती मुलगी परतली. तिने फक्त हात काढले. घरी कांडी भरताना सुताने कापलेली बोटे, फिकी पडलेली मेंदी, आणि बाहीवर नस्तालिक अक्षरांत गुंफलेले स्वतःचे नाव. पालकसभेला अब्बा त्या कागदासमोर बराच वेळ उभे होते. "हाथ तो बिल्कुल मेरी अम्मा के हैं," इतकेच म्हणाले.

शेवटच्या तासाला मुले हटून बसली, आता टीचरची तस्वीर. आम्ही माऊस हाती घेतला. अर्धा तास खपून चित्र झाले. खालचा फोटो पुसणार तोच भुवयावाली मुलगी म्हणाली, "टीचर, आँखों के नीचे का काला कहाँ गया?"

आम्ही लेयर पुन्हा उघडला.