पादुका पाण्याखाली

नृसिंहवाडीत पूर नवा नाही. दर पावसाळ्यात कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात शिरतं, दत्तमहाराजांच्या मनोहर पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान घडावं म्हणून माणसं रात्री-अपरात्री धावत येतात. पाणी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवायची आणि पादुका पाण्यात राहू द्यायच्या, अशी इथली रीत.

ऑगस्ट २०१९मध्ये मात्र पाणी थांबेचना. वर कोयना धरणातून विसर्ग सुरू, इकडे कृष्णेच्या फुगवट्यानं पंचगंगाही तुंबलेली. आमचं गाव दोघींच्या संगमावर. सगळ्यांचा भरवसा २००५च्या पुराच्या खुणेवर होता. ती खूणच बुडाली. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, तिथं पाणी ५७ फुटांवर गेलं.

म्हशींची दावी सोडून आम्ही माडीवर गेलो. वीज गेलेली. खालच्या अंधारात भांडी तरंगत भिंतींवर आपटत होती. जिन्याची एकेक पायरी दिसेनाशी होत होती. सासूबाईंनी करुणात्रिपदी सुरू केली. टेंबेस्वामींनी ती वाडीतच रचली. आता राग आवर, म्हणून देवाची केलेली ती विनवणी. इतकी वर्षं ऐकत आले होते, पण त्या रात्री तिचा शब्दन् शब्द माझाच होता. म्हणता म्हणता लक्षात आलं, मी ज्याला हाक मारतेय त्याच्या पादुका याच पाण्याच्या तळाशी आहेत. तो काठावर कोरडा उभा नाही. पाणी चढतच होतं, भीतीही गेली नव्हती. पण हात चालू लागले. लेकाच्या कमरेला रिकामा कॅन बांधला, सासूबाईंच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्या, पिण्याचं पाणी मोजून वाटलं.

सकाळी बोट आली आणि आम्ही सगळे सुटलो.

‘दत्तमहाराजांनी वाचवलं,’ असं मी म्हणते आणि ते मनापासून म्हणते. पण त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि सुटकेसाठी निघालेली माणसं बुडाली. त्यांनीही देवाला हाक मारलीच असेल. आमची पुण्याई मोठी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचं का ऐकलं नाहीस, हे मी महाराजांना आजही विचारते. ज्याचा आसरा घेतला, त्याच्यापाशीच तर विचारायचं.