मुलाबद्दल विचारायला गेलो होतो

माझा मुलगा दारू पितो. हे वाक्य मी सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा कधी पूर्ण केलं नव्हतं. कपाटामागची बाटली शोधणं, जिन्यातल्या पावलांवरून आज किती झाली आहे ते ओळखणं, हे सगळं मला येत होतं. त्याची सुटका कशी करायची, तेवढं येत नव्हतं. तेच विचारायला मी अल-अनॉनच्या सभेला गेलो.

पुण्याच्या मुक्तांगणात, म्हणजे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या केंद्रात, पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे हे वाचलं होतं. बापासाठीही कुठे जागा असेल असं वाटलं नव्हतं. पत्ता देणाऱ्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "काका, अल-अनॉन घरच्यांसाठीच आहे. आई, बाप, बायको, भाऊ, कोणीही. पिणाऱ्यानं सोडलेली असायला हवी, अशीही अट नाही."

शनिवारची संध्याकाळ, शाळेचा वर्ग. मी मुलाची फाइल घेऊन गेलो होतो. लिव्हरचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनिशी लावलेलं. ती कोणी मागितलीच नाही. आडनावासकट ओळख द्यायला लागलो तर शेजारच्या ताई हळूच म्हणाल्या, "नुसतं नाव पुरे, काका." तिथे डॉक्टर नव्हते, समुपदेशक नव्हते. सभा चालवणाराही आपल्यातलाच. मग सल्ला देणार कोण?

कोणीच नाही. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. बोलणं संपलं की सगळे "थँक यू" म्हणतात आणि पुढचा सुरू करतो. कोण काय बोललं ते लिहिणार नाही, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. पण एवढं सांगतो, की रडणाऱ्याला कोणी "रडू नका" म्हणालं नाही. आपल्याकडे दुःख सांगितलं की मिनिटभरात उपाय येतो. लग्न लावून द्या म्हणजे सुधारेल, पंढरीची माळ घाला, चहातून औषध द्या. मी हे सगळं ऐकत आलोय. इथे माझं बोलणं संपल्यावर "थँक यू" झालं आणि मग वर्गात नुसती शांतता होती, आणि त्या शांततेचं काय करायचं ते मला कळेना.

मग व्यसनाच्या पकडीतून सावरण्याच्या बारा पायऱ्या वाचल्या. त्या मूळच्या पिणाऱ्यांच्या गटाकडून आलेल्या. १९३५ साली अमेरिकेत अक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलून सावरले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., उभं राहिलं. नवऱ्यांच्या सभा चालू असताना बायका बाहेर थांबायच्या. त्याही आपसात बोलू लागल्या आणि त्या दलालाच्या पत्नीनं, लोईस यांनी, १९५१ साली अल-अनॉन आकाराला आणलं. पायऱ्या ए. ए.च्याच बारा, फक्त शेवटच्या पायरीतला एक शब्द बदललेला. पहिली पायरी ऐकून मी अडखळलो. दारूपुढे आम्ही हतबल आहोत, असं तिथे आम्हीच म्हणायचं! पितो तो, मी कसा हतबल? शिवाय सांगतात, की हे व्यसन मी लावलं नाही, मी ते आवरू शकत नाही आणि बरंही करू शकत नाही. पहिलं ऐकून छाती हलकी झाली. उरलेल्या दोन्हींचा संताप आला. बापानं मग करायचं काय?

मदतीची पिशवी फिरली. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत, खर्च सदस्यच भागवतात. माझा हात खिशाकडे गेला तर ताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी नको." नंतर चहाला उभे असताना त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही रात्री जेवता किती वाजता?"

मला वेळ सांगता येईना. तो येईल तेव्हा. म्हणजे कधी अकरा, कधी एक, कधी ताट तसंच झाकलेलं. मुलाची सगळी फाइल तोंडपाठ असलेल्या मला स्वतःच्या जेवणाची वेळ माहीत नव्हती. त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. निदान सहा सभांना येऊन मगच ठरवा, एवढंच निघताना सगळे सांगत होते.

पायऱ्यांमध्ये जिचा उल्लेख येतो ती उच्च शक्ती म्हणजे नक्की काय, ते मला अजून उमगलेलं नाही. मुलगा अजून पितो. सोमवारी त्याच्या ऑफिसातून फोन आला. एरवी मी "ताप आहे" सांगायचो. या वेळी "त्यालाच विचारा" म्हणालो आणि फोन त्याच्या उशाशी ठेवला. दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी केलं ते बरोबर होतं का, हे तिथे कोणी सांगणार नाही. तरी शनिवारी हेच बोलणार आहे. बायकोलाही बरोबर चल म्हटलंय.