माणगंगेच्या काठची पेढी

चैत्र सरत आला असताना साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव या मार्गाने एस.टी. पूर्वेकडे निघाली, तेव्हा उसाच्या फडांनी आरंभी दिलेली सोबत हळूहळू सुटत गेली, आणि दहिवडी मागे पडेपर्यंत उघडे माळ, बाभळी व एखाददुसरा मेंढरांचा कळप यांखेरीज दृष्टीला विसावा देणारे काही उरले नाही. ज्या जिल्ह्यात महाबळेश्वरास वर्षाकाठी 5000 मिलिमीटरांहून अधिक पर्जन्यवृष्टी होते, त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यास त्याच्या जेमतेम दशांशावर संवत्सर कंठावे लागते. गोंदवल्यास गोंदवलेकर महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन मी म्हसवडला उतरलो, तो भर दुपारी. माणगंगेच्या पात्रात त्या वेळी पाणी नव्हते, वाळू होती.

मी आलो होतो तो बायकांनी काढलेली पेढी पाहावयास. जयप्रकाशांच्या चळवळीतून घडलेल्या, मुंबईत जन्मून विवाहानंतर या गावी नांदावयास आलेल्या चेतना सिन्हा यांच्याकडे एक लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला संसार मांडलेली बाई आली. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर ताडपत्री घालता यावी म्हणून तिला रोज थोडे थोडे पैसे शिल्लक टाकावयाचे होते, आणि इतक्या क्षुल्लक रकमेचे खाते उघडावयास कोणतीही बँक राजी नव्हती. कर्ज मागणाऱ्यास परत पाठविल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु स्वतःच्या घामाचा पैसा सुरक्षित ठेवा, एवढेच मागणाऱ्या बाईस दाराबाहेर उभे करणारी व्यवस्था किती आंधळी असली पाहिजे, या विचाराने मी पेढीच्या कचेरीच्या पायरीवर क्षणभर थबकलो.

मग बायकांनीच सहकारी बँक काढावयाचे ठरविले व रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो नामंजूर झाला, कारण प्रवर्तकांपैकी कित्येकींनी सहीच्या जागी अंगठे उमटविले होते. खचून न जाता या बायका दिवसभराचे काम उरकून अक्षरे गिरवू लागल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईच्या दफ्तरी उभ्या राहून म्हणाल्या, की आम्हांस वाचता येत नव्हते हे खरे, पण व्याजाचा हिशेब तोंडी करावयास सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राविना तोच करून दाखवावा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात बसलो. मेथीच्या जुड्यांपुढे बसलेली एक वृद्धा, बँकेची मुलगी येताच, कनवटीची पिशवी सोडून दोन नोटा तिच्या हाती देती झाली. रोज भरता काय, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, घरात पैका ऱ्हायला, की त्येला पाय फुटत्यात." पासबुक घरी नेले, तर नवऱ्याच्या दृष्टीस पडते आणि शिल्लक त्याच दिवशी संपते, ही कैफियत या बायकांनीच प्रथम मांडली, व दारी जाऊन रक्कम घेण्याची, पासबुकावाचून व्यवहार करण्याची रीत त्यातून बसत गेली. पुढे गुप्त आकड्याचे कार्ड देण्याचे घाटत असता, आकडा कोणीही चोरील, आमचा अंगठा कोण चोरणार, असे म्हणून त्यांनी अंगठ्याचीच खूण मागून घेतली. ज्या अंगठ्यापायी पहिला अर्ज फेटाळला गेला, तोच त्यांच्या तिजोरीची किल्ली व्हावा, याचा मला मनापासून आनंद झाला.

दुष्काळाच्या वर्षी चाऱ्यासाठी एक बाई दागिने तारण ठेवावयास आली, आणि चाराच मिळत नसता पैसा घेऊन जनावरांनी काय खावे, हा प्रश्न पुढे आल्यावर म्हसवडला छावणी उभी राहिली, व हजारो गुरे तेथे जगली. मात्र एवढ्याने माणदेश सुखी झाला, असे मी लिहिणार नाही. पेढी पाऊस पाडीत नाही. आणि विहिरीसाठी मोठे कर्ज हवे असले, म्हणजे जमिनीचा उतारा पुढे येतो, ज्यावर बाईचे नाव बहुधा नसते. महाराष्ट्राने 1994 सालीच वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतका वाटा दिला. परंतु वारसनोंदीच्या वेळी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतात, आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण त्यावर मुकाट्याने अंगठा उठविते.

परतीच्या गाडीची वाट पाहत असता त्या मेथीवाल्या वृद्धेस मी तिच्या माहेरच्या जमिनीविषयी विचारले. "चार एकर हाय," ती म्हणाली, "भावाला दिली. साडी न्हेसवली त्येनं." एवढे बोलून तिने उरलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडले, आणि दुसरे गिऱ्हाईक आले.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी असा कागद तयार असेल, त्यांस माझी हात जोडून विनंती आहे, की तो बहिणीपुढे ठेवू नये.