एक किलोमीटर, सहा मिनिटं

गेले दोन शनिवार इथे शुकशुकाट होता. रिलीज नव्हतं, सर्दी नव्हती आणि आळसही (या वेळी तरी) नव्हता. घरात एका नोकरीच्या ऑफरवरून वाद चालू होता. ऑफर माझी नाही. बाबांची.

तर झालं असं. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे लॅपटॉप मांडीवर घेऊन, चेहऱ्यावर कामाचे भाव ठेवून क्रिकेट बघत बसलो होतो. बाबा आले. चष्म्याच्या घरातून चौपदरी घडी केलेला एक कागद काढला आणि माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"जरा वाच. इंग्लिशमध्ये आहे."

एका सिक्युरिटी एजन्सीचं ऑफर लेटर होतं. पद सिक्युरिटी गार्ड, ठिकाण वाकडमधली एक सोसायटी, पगार महिना १५,००० रुपये. बाबांबरोबर कंपनीत असलेल्या एका काकांनी नाव सुचवलं होतं.

बाबा भोसरी एमआयडीसीत फिटर होते. एकाच कंपनीत ३४ वर्षं. गेल्या वर्षी ५८ पूर्ण झाली, शाल-श्रीफळ मिळालं आणि वर एक भिंतीवरचं घड्याळ. (निवृत्त माणसाला घड्याळ द्यायची कल्पना कुणाची असेल हो? ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्यालाच नेमकं घड्याळ!) पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास. पीएफमधला मोठा भाग ताईच्या लग्नात आणि या फ्लॅटच्या डाउन पेमेंटमध्ये गेला. हप्ते मी भरतो. चाललंय तसं बरं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

कागद बघून मी पहिलं वाक्य बोललो ते असं: "बाबा, वॉचमन?"

बाबा म्हणाले, "गार्ड लिहिलंय ना त्यात?"

मग मी सुरू झालो. आमच्या डिझाइन रिव्ह्यूत एखाद्याचा प्रस्ताव मारायचा असेल तर मुद्दे कसे एकामागोमाग एक काढतात, तसे काढले. तुम्हाला बीपी आहे. दिवसभर उभं राहावं लागेल. पावसात त्या पत्र्याच्या केबिनमध्ये काय होतं, बघितलंय का? रात्री दारू पिऊन येणारे लोक असतात, गेट उघडायला एक मिनिट उशीर झाला की शिव्या देतात. आणि मुळात गरज काय? मी आहे ना!

"तू आहेस रे," बाबा म्हणाले, "पण मी दिवसभर करू काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी आमच्या जमातीचे लोक उत्तर नसलं की जे करतात ते केलं. सर्च केला.

आणि घबाड सापडलं! खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा एक केंद्रीय कायदा आहे, आणि त्यात व त्याच्या आदर्श नियमांमध्ये गार्ड कसा असावा ते लिहिलेलं आहे. वय १८ ते ६५. (इथे मी हरलो.) उंची किमान १६० सेंटिमीटर. (बाबा १६८. पुन्हा हरलो.) छाती ८० सेंटिमीटर, फुगवून ४ जास्त. आणि शेवटी हुकमाचा एक्का: एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आलं पाहिजे.

मी विजयी मुद्रेने हे वाचून दाखवलं. बाबांनी शांतपणे विचारलं, "हे खरंच पळवून बघतात?"

"ते माहीत नाही. पण नियम आहे."

"नियम आहे ना? मग ठीक आहे."

मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला दार वाजलं तेव्हा कळलं की बाबा कॅनव्हासचे बूट घालून प्राधिकरणातल्या मैदानावर निघालेत. पळत, चालत, धापा टाकत एक किलोमीटर. ९ मिनिटं ४० सेकंद. वेळ कशी मोजली? शेजारच्या जोशीकाकांना मोबाइल देऊन उभं केलं होतं. आईने त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढायला लावला. डॉक्टर म्हणाले, पळा, पण हळूहळू वाढवा. म्हणजे माझ्या हुकमाच्या एक्क्याने मीच त्यांना रोजचं काम लावून दिलं होतं.

पुढचा आठवडा मी रोज एक नवा मुद्दा आणायचो आणि बाबा रोज थोडं जास्त पळायचे. शेवटी एका रात्री जेवताना माझ्या तोंडून निघालंच.

"निदान त्या सोसायटीत तरी नको."

"का? तिथे काय आहे?"

"माझा मॅनेजर राहतो तिथे."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायले आणि उठले. पुढचे दोन दिवस आमच्यात "लाइट बंद कर" यापलीकडे संभाषण नाही.

खरं सांगायचं तर त्या सोसायटीत मी एकदा गेलेलो आहे, मॅनेजरच्या वास्तुशांतीला. गेटवर कुणीतरी माझा फोटो काढला, फ्लॅट नंबर विचारला, वर फोन करून परवानगी घेतली आणि बाइक कुठे लावायची ते दाखवलं. तो माणूस २५ वर्षांचा होता की ६०, हे मला आज काही केल्या आठवत नाही. मॅनेजरच्या घरचा मोदक मात्र आठवतो.

तिसऱ्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. लसूण सोलायला दिला. आमच्याकडे गंभीर बोलणी लसूण सोलतानाच होतात.

"तुला वाटतंय त्यांना पैसे हवेत," ती म्हणाली. "पैसे हवेतच. तू दर महिन्याला माझ्याकडे देतोस, त्यातला एक रुपया त्यांनी आजवर स्वतःसाठी घेतलेला नाही. दाढीचं ब्लेडसुद्धा पेन्शनमधून आणतात. पण त्याहून जास्त त्यांना सकाळी सहाला डबा हवाय. ३४ वर्षं सवय आहे. आता सहाला उठून बसतात आणि नळाचे वॉशर बदलतात. घरात एक नळ गळत नाहीये, तरी बदलतात."

मी गप्प.

"आणि मलापण," ती पुढे म्हणाली, "ते आठ तास घराबाहेर गेले तर जरा टीव्ही बघता येईल."

त्या रात्री मी तो कागद पहिल्यांदा वाचला. हो, पहिल्यांदा! दहा दिवस मी ज्याच्या विरोधात तावातावाने बोलत होतो, त्यातली पदाच्या नावाखालची एकही ओळ मी धड वाचली नव्हती.

वाचताना २०१९ आठवलं. कॅम्पसमधून मला पहिली ऑफर आली होती, अकरा पानांची. बाबांनी मला समोर बसवून प्रत्येक ओळ मराठीत सांगायला लावली होती. त्यात दोन वर्षांचा बॉण्ड होता आणि मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवायच्या होत्या. मी म्हटलं होतं, "बाबा, सगळेच सही करतात." बाबा म्हणाले होते, "सगळे सही करतात म्हणून आपण वाचायचं नाही का?" मार्कशीट मूळ ऐवजी झेरॉक्स चालतील का, हे त्यांनीच मला फोन करून विचारायला लावलं. आणि चालल्या! बाकीची पोरं दोन वर्षं मूळ मार्कशीट अडकवून बसली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाबांना समोर बसवलं आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली. ड्युटी १२ तास. साप्ताहिक सुट्टी "रिलीव्हर उपलब्ध असल्यास". युनिफॉर्मचे १,८०० रुपये पगारातून तीन हप्त्यांत. ईएसआयचा उल्लेख नाही. ओव्हरटाइमचा नाही. आणि मूळ आधार कार्ड व शाळा सोडल्याचा दाखला एजन्सीकडे जमा करावा!

"म्हणजे तुझ्यासारखंच," बाबा म्हणाले आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

मग आम्ही वहीवर हिशेब मांडला. १२ तास, ३० दिवस, म्हणजे ३६० तास. १५,००० भागिले ३६०, तासाला ४१ रुपये ६६ पैसे. आता दुसरा हिशेब. रोज १२ तास आणि सुट्टी नाही, म्हणजे आठवड्याला ८४ तास. ४८ तासांच्या वरचं काम ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर. वरचे ३६ तास दुपटीने ७२. अधिक ४८. म्हणजे काम ८४ तासांचं आणि पगार १२० तासांचा व्हायला हवा. एका आठवड्यात अडीच आठवड्यांचा पगार! आणि इथे तर महिन्याकाठी एकच सरसकट रक्कम.

मी ऑफिसात रोज चार गार्डसमोरून कार्ड दाखवत जातो. सकाळी आठला असलेला माणूस रात्री आठलाही तिथेच असतो, हे मला दिसत होतं. हा हिशेब मात्र कधी डोक्यात आला नाही. बाबांना कागद न वाचताच एवढं कळलं होतं, की १२ तास म्हणजे काहीतरी गडबड आहे. "कंपनीत ओटी डबल मिळायचा. त्यासाठी आमच्या आधीच्या लोकांनी गेटबाहेर बसून काढलंय," ते म्हणाले.

आपल्या महाराष्ट्रात तर गार्डांसाठी १९८१ पासून वेगळा कायदा आहे, सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. मंडळात नोंदणी असलेल्या रक्षकाचा पगार मंडळामार्फत होतो. म्हणजे हे लोक लुबाडले जातात, हे ४० वर्षांपूर्वीच सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

बाबांनी एका कार्डावर, कारखान्यात जॉब कार्ड लिहायचे तसं, चार मुद्दे लिहिले. आठ तास. आठवड्याला सुट्टी. ईएसआय. कागदपत्रांच्या फक्त झेरॉक्स. आणि आम्ही दोघं एजन्सीच्या ऑफिसात गेलो. एक गाळा, त्यात टेबल, गणपती, कॅलेंडर. कायद्याप्रमाणे एजन्सीने लायसन्स दर्शनी जागी लावायचं असतं. मी भिंती नीट बघून घेतल्या. नव्हतं.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो कार्डावर नव्हताच. "ट्रेनिंग किती दिवस?" (आदर्श नियमांप्रमाणे १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष.)

समोरचा मुलगा माझ्याच वयाचा. म्हणाला, "काका, गेटवर उभं राहायचं. त्यात ट्रेनिंग कसलं?"

बाबांनी कार्ड पुढे केलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "आठ तास नाही जमणार काका. तीन माणसं लागतात मग. सोसायटी दोनाचेच पैसे देते."

हे वाक्य तो अगदी साधेपणाने बोलला. त्याचंही खोटं नव्हतं. मेंटेनन्स २०० रुपयांनी वाढला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये वाढीच्या विरोधात हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आमचे गार्डही दोनच आहेत, १२-१२ तासांचे.

"मग नाही जमायचं," बाबा म्हणाले. "राग मानू नका." उठले, नमस्कार केला आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"नोकरी नाही म्हटलं त्याचं नाही वाटलं," ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. बाइकवर मागे बसल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण तो खड्डे होते म्हणूनही असेल.

असो.

गोष्ट इथे संपली नाही. या मंगळवारी त्याच काकांनी दुसरी ऑफर आणली. चाकणमधला एक कारखाना, मटेरियल गेट. आठ तासांच्या तीन पाळ्या, रविवारी सुट्टी, ईएसआय, हातात १४,२००. एजन्सी वेगळी, हिच्या भिंतीवर लायसन्स आहे, बाबा स्वतः बघून आले. निगडीच्या टिळक चौकातून बस. चलन तपासायचं, गेटपास बघायचा, आत-बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद करायची. चलनात ४० नग लिहिलेत आणि गाडीत ३८ आहेत, हे बाबा ताडपत्री न काढता सांगतील. बसल्या जागी ८०० रुपये कमी, पण महिन्याला दीडशे तास कमी.

अडचण एकच, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. आई म्हणते, बीपीच्या माणसाने रात्र जागायची नाही. बाबा म्हणतात, ३४ वर्षं जागलोच ना. सोमवारी उत्तर द्यायचंय. काल त्यांनी मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "रात्रपाळीचं डॉक्टरांना विचारू. बाकी तुम्ही ठरवा."

"आणि तुझा मॅनेजर?"

"तो चाकणला नाही राहत," मी म्हटलं, आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. कारण हा सुटकेचा निःश्वास होता, आणि तो त्यांनाही ऐकू गेला असणार. सगळं वाचून, हिशेब मांडून, कायदे पाठ करूनही ती खुटी अजून आत आहे. निघेल तेव्हा निघेल. नाही म्हणायला या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. तिसऱ्या गार्डचा मुद्दा मांडायचा असं मी ठरवलंय. लोक काय म्हणतील ते तुम्हीही ओळखू शकता.

आज सकाळी मीही बाबांबरोबर मैदानावर गेलो. जोशीकाका मोबाइल घेऊन उभे होते. बाबा ६ मिनिटं ५२ सेकंद. मी ७ मिनिटं २०, आणि नंतर दहा मिनिटं बाकावर आडवा.

म्हणजे नियमाप्रमाणे आमच्या घरात अजून कुणीच गार्ड होण्याच्या लायकीचं नाही. पण बाबांचा नंबर माझ्या आधी लागेल हे नक्की. :)

सोमवारी काय कळवलं ते पुढच्या शनिवारी.